दोन दिवसांची तहान

लंगडी मेंढी खांद्यावर घेऊन भिवा हाटकर मागून पोचला, तोवर सगळा कळप वस्तीवरच्या हौदाला भिडला होता.

"पाणी दावू नका!" तो ओरडला.

"प्यायली की पोटभर," हौद भरणारी गोदाक्का हसली. "मुक्या जिवांना पाजायचं पुण्य सोडू होय?"

"अक्का, नव्या जातीचं गवत खाल्लंय त्यांनी. कितीबी वाळलं तरी मरत नाही ते, पाणी लागलं की पुन्हा वाढतं. चरल्यावर दोन दिवस जनावर तहानेलं ठेवावं लागतं."

गोदाक्काच्या हातातली कळशी गळून पडली.

घटकाभरात कळपाची पोटं टम्म फुगली. पुढची मेंढी गुडघ्यांवर बसली आणि तिच्या नाकपुडीतून एक कोवळं हिरवं पातं बाहेर आलं.

भिवानं खांद्यावरची मेंढी घट्ट आवळली. ती हौदाकडं मान ताणून ओरडत होती.