बिशपांचं कुमसार

इतरांना पापाची क्षमा देणाऱ्या बिशपालाही स्वतःसाठी दुसरा पाद्री लागतो. म्हणून बिशप ऑर्लांदो म्हाताऱ्या फादर कायतानच्या कबुलीकक्षाच्या जाळीपुढे कुमसाराला, पापांची कबुली द्यायला, गुडघे टेकून बसले.

आतून आवाज आला, "फादर, मी पाप केलंय."

"कायतान, चेष्टा पुरे!"

"पोरीला नासवणाऱ्या पाद्र्याविरुद्ध तिच्या आईनं लिहिलेलं पत्र मी जाळलं. पोरीनं विहीर जवळ केली. क्षमा करा हो!" आवाज हुबेहूब बिशपांचाच होता.

तेवढ्यात चर्चच्या दारातून फादर कायतान धापा टाकत आले. "उशीर झाला, बिशपबाब." पडदा सारून ते रिकाम्या खुर्चीत बसले. "हं, बोला."

बिशपांनी तोंड उघडलं. आवाजच फुटेना. आत मात्र त्यांचाच आवाज हुंदके देत पुन्हा सगळं कबूल करत होता. त्यांनी जाळीवर मुठी आपटल्या.

"रडू नका," आतून कायतान मायेनं म्हणाले. "ऐकलं सगळं. जा, तुम्हाला क्षमा आहे."

आत कुणीतरी बिशपांच्या आवाजात म्हणालं, "आमेन."