काड्यांची पिशवी

"यातली मादी कुठली?" आईने पलंगावरूनच विचारलं.

"बाहेर आलीच नाही ती," डोळ्यावरचं भिंग न काढता मुलगी म्हणाली.

टेबलावर पतंगांच्या अळ्यांनी विणलेल्या काड्यांच्या पिशव्या पसरल्या होत्या. कुळ एकच, पण घर बांधायची तऱ्हा ज्याची त्याची. कुणी काड्या आडव्या रचतं, कुणी उभ्या, कुणी नुसती वाळू चिकटवून मोकळं होतं. त्यावरून जाती ओळखायच्या. संग्रहालयातून खोकी घरी येत आणि जाती लावून परत जात. पडद्यातून गाळून आलेल्या उन्हात खोली पाण्याखाली असल्यासारखी हिरवट, निवांत दिसे.

"नराला पंख फुटतात. मादीला नाहीत. काहींना तर पायसुद्धा नाहीत. पिशवीतच जन्म काढते."

"म्हणजे माझ्यासारखीच की!" आई खळखळून हसली.

मुलगीही हसली, पण तिला भरून आलं. आईने अंथरूण धरलं त्याच वर्षी तिने संग्रहालयातली नोकरी सोडली होती. आधी कोणतं झालं, ते आता कुणाच्या लक्षात नव्हतं. डॉक्टरांना कंबरेत काही सापडलं नव्हतं, पण दुखणं ते दुखणं. पोरगी असावी तर अशी, असं शेजारीपाजारी म्हणत.

आज मात्र संग्रहालयाच्या प्रमुखबाईंचा फोन आला होता. पतंगांचं नवं दालन तिच्या हाती द्यायचं होतं. संध्याकाळच्या आत येऊन भेटा, नाहीतर दुसऱ्याला देऊ. या किड्यांपायी तिने अर्धं आयुष्य घालवलं होतं. ती जागा तिचीच होती.

"जा गं," आई म्हणाली. "मावशी येऊन बसेल माझ्याजवळ. माझं काय अडतंय?"

मुलीने कपडे बदलले, केस नीट केले, पर्स घेतली आणि दार उघडलं. समोर जिना, खाली रस्त्याचा उजेड. तिचा हात कडीवरच राहिला. मानेवर घाम आला. उंबरठा काही केल्या ओलांडवेना.

आई पलंगावरून बघत होती. मग कण्हली.

"अगं, कंबरेत कळ आली बघ. आजच्या दिवस नको जाऊस. एकटीला भीती वाटते मला."

"बघ! आणि म्हणे जा!" मुलगी झटकन आत वळली. तिच्या जिवात जीव आला होता. "तुला टाकून कशी जाईन मी? कळवते त्यांना, जमणार नाही म्हणून. थांब, आधी शेकायला पाणी गरम करते."

ती स्वयंपाकघरात गेली. तिकडून भांड्यांचा आवाज आणि तिचं गुणगुणणं ऐकू येऊ लागलं.

आईने डोळे पुसले, पांघरूण बाजूला सारलं, झपझप चालत जाऊन उघडं राहिलेलं दार हलकेच लावून घेतलं, आणि परत येऊन अंथरुणात पडली.