कंदील कोणाकडे

"फ्रेम बघायची की नंबर काढायचा?" चष्मेवाल्याने मान वर न करता विचारलं.

"दोन्ही नाही," दुकानात आलेला माणूस म्हणाला. "मी वल्हं."

घासायच्या चाकावर धरलेली काच चष्मेवाल्याच्या बोटांतून निसटली.

हे नाव त्याच्या चांगलंच ओळखीचं होतं. बायको होती तेव्हा रोज संध्याकाळी तिच्या फोनवर ते उमटायचं. धुक्यातल्या नावाड्यांच्या कादंबऱ्यांचं तिला वेड होतं. त्या कादंबऱ्यांच्या चाहत्यांची एक वेबसाइट होती. तिथे एका नावेत दोघंच बसत. एकाकडे सुकाणू, दुसऱ्याकडे वल्हं. सुकाणू तिच्याकडे होतं.

वल्हं म्हणजे कुणीतरी उंच, दाट केसांचा, गोडबोल्या असणार, असं चष्मेवाल्याने मनात धरून ठेवलं होतं. समोर टक्कल पडलेला माणूस उभा होता. त्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती.

"नाव कुठे लावलीत? बाहेर पार्किंगची बोंब आहे."

पाहुणा हसला नाही. "बसने आलो. तुम्हाला नव्या कंपनीचा मेसेज आला असेल."

आला होता. साइट इतके दिवस एका टेलिफोन कंपनीच्या यंत्रणेवर चालायची. तिचा प्रकाशकांशी असलेला करार संपला आणि दुसरी, फार मोठी कंपनी भागीदार झाली. आता सगळ्या नावा तिच्या यंत्रांवर हलवायच्या होत्या. मेसेजमध्ये दोनच प्रश्न होते. मृत सभासदाची नाव पुढे न्यायची का? कंदील कोणाकडे द्यायचा? उत्तराची मुदत आज संपत होती. चष्मेवाला तो मेसेज रोज उघडायचा आणि तसाच मिटायचा.

"टेलिफोनवाल्यांना कोण गेलं, कोण राहिलं, कशाचं सोयरसुतक नव्हतं," पाहुणा म्हणाला. "ह्यांचे वकील कडक आहेत. गेलेल्या माणसाचं जे असेल ते घरच्यांचं."

"बरोबर आहे त्यांचं."

"बरोबरच आहे. फक्त नावेतला सोबती त्यांच्या कुठल्या रकान्यात बसत नाही. ती गेल्यापासून... त्या गेल्यापासून कंदील मी लावतोय. तिथली रीतच आहे. एक जण गेला की दुसऱ्याने रोज संध्याकाळी नावेवरचा कंदील लावायचा. एक दिवस जरी चुकला तरी नाव धुक्यात जाते. परत दिसत नाही."

'ती' म्हणून मग 'त्या' म्हणालेलं चष्मेवाल्याने नेमकं ऐकलं.

"चष्मा काढा," तो म्हणाला.

"अं?"

"काढा हो. काडी पडायला आलीय. बघवत नाही."

चष्म्याशिवाय पाहुण्याला काही दिसेना. त्याने काउंटरची कड चाचपून धरली. चष्मेवाल्याने दोरा कापला आणि बारीक स्क्रू शोधायला घेतला.

"मी नाही म्हटलं तर?"

"तर उद्यापासून नाव नाही."

"आणि हो म्हटलं, तर कंदील तुमच्याकडे ठेवावा, असं म्हणणं आहे तुमचं."

"विनंती आहे."

स्क्रू बसला. चष्मेवाल्याने तो जरा जास्तच आवळला.

"काय बोलायचात हो रोज एवढं?"

"नावेचंच. पुढच्या वळणावर काय असेल, कोण दगा देईल. कधीमधी तुमचं निघायचं. तुम्ही काच घासताना शीळ घालता, वर घरात ऐकू येते, म्हणायच्या."

"मी? मी शीळ घालत नाही."

"तुम्हाला पत्ताच नसतो, म्हणायच्या. सांगितलं तर बंद कराल, म्हणून सांगत नव्हत्या."

चाक अजून फिरत होतं. चष्मेवाल्याने ते बंद केलं. त्याच्या घरातली गोष्ट ह्या टकल्याला माहीत होती, आणि त्याला नव्हती.

त्याने फोन काढला. पहिल्या प्रश्नाला हो म्हटलं. दुसऱ्या प्रश्नाखाली स्वतःचं नाव घातलं. मगच चष्मा पाहुण्याच्या हातात दिला आणि फोन त्याच्यासमोर धरला.

"कंदील मी लावीन."

पाहुण्याने चष्मा चढवला. वाचायला फारसं काही नव्हतं, तरी तो वाचत राहिला. नावेतल्या दुसऱ्या जागेवरचं 'वल्हं' पुसलं गेलं होतं आणि तिथे चष्मेवाल्याचं नाव आलं होतं. खाली नव्या कंपनीचं चिन्ह चमकत होतं.

"हक्क तुमचाच आहे," पाहुणा म्हणाला. "कंदील लागला की लांबून दिसतो. तेवढं मला दिसेल."

"बघा."

पाहुणा पायरी उतरला. चष्मेवाल्याला विचारायचं नव्हतं, पण विचारावं लागलं.

"लावायचा कधी असतो तो?"

"तुम्ही दुकान बंद करायच्या आत. खाली शटरचा आवाज आला की त्या लिहायच्या, आले आमचे, नाव किनाऱ्याला लावा. मग आम्ही ऐन धारेत असलो तरी मी वल्हं खाली ठेवायचं. जरा थांबा म्हटलं, तर एकदाही ऐकलं नाही त्यांनी."

काडी नीट बसलीय का ते बोटाने बघत तो बसथांब्याकडे चालू लागला.

संध्याकाळी चष्मेवाल्याने कंदिलावर बोट टेकवलं. धुक्यात एक पिवळा ठिपका उजळला. त्याने फोन काउंटरवर उभा करून ठेवला, दुकानातले दिवे मालवले आणि शटर ओढायची आकडी घेऊन दारात आला.

शेजारची शटरं एकेक करून खाली येत गेली. आकडी हातात धरून तो उभाच राहिला. आपलं शटर त्याने वरच ठेवलं.