पोटावरचा लॅपटॉप

आता फार दिवस नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले त्याच संध्याकाळी मालिनीने नवा लॅपटॉप मागितला. सगळ्यांत पातळ. दिवाळी अंकाची प्रुफे तिला अंथरुणात पडूनच तपासावी लागणार होती.

“एवढ्या पैशांत दोन जाड लॅपटॉप येतील,” तिचे यजमान श्रीपादराव म्हणाले.

“आणि ते माझ्या पोटावर रचणार का?” ऑपरेशनच्या टाक्यांवर हात ठेवून ती हसली.

ती गेल्यावर भाच्याने विचारले, “मामा, मला लॅपटॉप घ्यायचाय. पातळ लॅपटॉपला एवढे पैसे घालावेत का? तेच काम करणारा जाड लॅपटॉप निम्म्या पैशांत येतो.”

“मामीला तो शेवटपर्यंत एका हाताने उचलता आला.”

“मग मामीचाच द्या ना मला.”

“देईन. तिचं काम उरकलं की.”

श्रीपादरावांनी चष्मा लावून लॅपटॉप उघडला. शेवटच्या कथेची प्रुफे तपासायची राहिली होती.