दोन पायांवर

वाघोलीच्या कॉलेजात चैतालीने आज उत्क्रांती शिकवली. माणूस काही एका दिवसात उठून दोन पायांवर चालायला लागला नाही, कंबर आणि कणा बदलायला लाखो वर्षं गेली, निसर्गाला घाई नसते, असं तिने वर्गाला अगदी शांतपणे सांगितलं. जीव मात्र सगळा पाळणाघरात अडकलेला. चौदा महिन्यांची झाली तरी तिची लेक मैत्री एक पाऊल टाकत नव्हती.

शेवटचा तास दुसऱ्या मॅडमच्या गळ्यात मारून ती भर दुपारीच पाळणाघरात पोचली. बाकीची पोरं खोलीभर धावत होती आणि मैत्रीला तेवढं पाळणाघर चालवणाऱ्या यमुनाकाकूंनी मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं.

चैतालीचा तोल गेला. "काकू, दिवसभर अशी धरून बसलात तर पोरगी चालणार कधी?"

"चपला बाहेर काढायच्या असतात," काकू म्हणाल्या. "काढ, आणि बस इथे समोर."

ती चपला काढून समोर बसली.


"सकाळपासून तीनदा निघाली होती. म्हटलं, पहिलं पाऊल आईनं बघितलेलं बरं," असं म्हणून काकूंनी हात सोडले.