निळी रेघ

घंटा वाजवताना कागद बघायचा नाही, हा चर्चच्या घंटा-मनोऱ्याचा जुना नियम. प्रत्येक फेरीत आपल्या घंटेचा वाजण्याचा क्रमांक बदलत जातो आणि त्या बदलांची कागदावर काढलेली नागमोडी निळी रेघ तोंडपाठ असावी लागते. रोवेनाला ती पाठ करायला अख्खा हिवाळा लागला. नवख्या ब्रायोनीला चार दिवस. आजच्या सरावात रोवेना पोरीच्या दोरीवर डोळा ठेवून होती. आता चुकेल, मग चुकेल! त्या नादात तिचीच रेघ सुटली आणि दोन घंटा एकदमच वाजल्या. “काकू, चौथ्या जागी या,” ब्रायोनी पुटपुटली. रोवेना सावरली. घंटा थांबल्यावर वादकांचा कॅप्टन गरजला, “कोण घसरलं?” “मी,” ब्रायोनी म्हणाली. “तरी म्हटलं! रोवेनाबाई आणि चुकतील? छे! बाई, ईस्टरच्या घंटावादनात हिला घ्यायचं का?” ब्रायोनीने आशेने काकूंकडे पाहिलं. रोवेना सावकाश दोरी गुंडाळत म्हणाली, “अजून कच्ची आहे हो पोर.”