चटावलेलं इंजिन

हंगामाचा पहिलाच दिवस. बाकीच्या बोटी केव्हाच समुद्रात गेल्या होत्या आणि चांगुणा नाखविणीच्या बोटीचं इंजिन चौथ्यांदाही सुरू झालं नाही.

"काय पाजलंस त्याला?" चांगुणा धक्क्यावरून सुनेवर कडाडली.

"काल नारळी पौर्णिमा होती, आत्या. नैवेद्य म्हणून तांब्याभर खोबरेल ओतलं," सुगंधा म्हणाली.

"दोन हंगाम भजीवाल्यांचं जळकं तेल मुकाट गिळत होतं! या नव्या इंजिनांना जीभ असते, एकदा चटावली की हलकं तेल घेत नाहीत. ओत तेच जळकं, नाहीतर उपाशी मरू दे. तुलाही मी असंच वळण लावलंय."

"मला बारा वर्षांत तुम्ही एकदाही चांगलं चाखू दिलं नाहीत," सुगंधा म्हणाली, "म्हणून तर मी अजून चालतेय."